सतरा नंबरचे अकरा दोष

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, आईच्या नाही, आणि जिच्या घालायला हवं होतं तिच्या तर नाहीच. नऊ वर्षं झाली. एकदा अगदी ओठांवर आलं होतं — "आपा, तुम्हाला एक सांगायचंय," इथपर्यंत मी बोललेही — आणि पुढे काय सांगितलं, तर माझ्या भावाचं लग्न ठरलं म्हणून. ठरलं होतंच, ते काही खोटं नव्हतं. पण मी गेले होते ते वेगळंच सांगायला.

मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता ते पोटात मावत नाही म्हणून.

मी वेब ॲप्लिकेशनं लिहिते. दुकानाची जाहिरात करणारी नव्हेत — कारखान्यात, गोदामात रोजचं काम ज्यांच्यावर चालतं तसली. भिवंडीत राहून हे काम करते म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. भिवंडीत? तिथे तर लूम आणि गोदामं! अहो, मग लूमवाल्यांना आणि गोदामवाल्यांना कंप्युटर नको? बावीस वर्षांची असताना मी कामाला लागले. दापोड्याहून शेअर रिक्षाने धामणकर नाक्याला उतरायचं, मिठाईच्या दुकानाशेजारचा अंधारा जिना चढायचा, वर दोन खोल्यांचं ऑफिस. आता त्याच्या चार खोल्या झाल्यात आणि माझ्या हाताखाली पाच जण आहेत. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली दिसली की मी त्यांना असं काही फैलावर घेते, की पाठीमागे मला काय नावं ठेवतात ते मला चांगलं ठाऊक आहे. ठेवू देत. त्यांना वाटतं, मॅडम शिस्तीच्या. शिस्तीच्या कसल्या — पण ते पुढे येईलच.

आधी आपांबद्दल सांगते. त्यांच्याबद्दल सांगायला मला आवडतं. खरं तर तेवढंच सांगून थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

साबेराआपा नाक्यापासून आतल्या एका लूमच्या कारखान्यात कापड तपासायच्या. लूमवरून उतरलेला तागा त्यांच्याकडे यायचा. खालून ट्यूबलाइट लावलेलं एक तिरकं काचेचं टेबल होतं, त्यावरून कापड ओढत न्यायचं आणि त्यातले दोष शोधायचे — कुठे तेलाचा डाग, कुठे तुटलेला उभा धागा, कुठे वीणच विरळ झालेली. पस्तीस वर्षं त्या हेच करत होत्या. डोळ्यांनी बघायच्या ते बघायच्याच, पण उजव्या हाताची चार बोटं कापडावरून सरकत असायची, आणि पुष्कळदा बोटं आधी थांबायची, डोळे मागून यायचे. त्यांचं घराणं खाडीकाठचं, कोकणी मुसलमान. बोलणं आमच्या गावाकडच्यासारखंच, हाय-न्हायचं. पहिल्या दिवशी मी घाबरत घाबरत आत गेले तर म्हणाल्या, "ये बाय, बस. तू दापोड्याची? मंग तू तं आमचीच."

लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून त्या माझ्या कानाशी तोंड आणून बोलायच्या, आणि दर वेळी त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास. कारागीर त्यांना वचकून असत आणि त्यांच्यावर जीवही टाकत. कारण आपांनी दोष लिहिला म्हणजे तो होताच, आणि नाही लिहिला म्हणजे नव्हताच. मालकाच्या पुतण्याचा माल असो की कालच गावाहून आलेल्या नवख्याचा, त्यांची बोटं सगळ्यांच्या कापडावर सारखीच थांबायची. सतरा नंबरच्या लूमचा कारागीर इम्तियाज शिफ्टला आला की आधी टेबलापाशी येऊन सलाम करायचा आणि मगच लूमकडे जायचा. त्याचं कापड म्हणजे — आपा म्हणायच्या, त्याचा तागा बघताना झोप येते मेली, काय सापडतच न्हाय.

आपांच्या नोंदवहीची एक रीत होती, आणि सगळं पुढचं तिच्यामुळे — नाही, तिच्यामुळे नाही. माझ्यामुळे. रीत अशी, की त्या फक्त दोष लिहायच्या. माल साफ असला की त्या नंबरापुढे काहीच नाही, जागा कोरी. मी विचारलं तर हसल्या. "चांगल्या मालाला काय लिवायचं? लिवायचं ते वाईटाचं." कारखान्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की आपांच्या वहीतली कोरी जागा म्हणजे शाबासकी. कंप्युटरला मात्र ते कुणीतरी सांगावं लागतं. ते माझं काम होतं.

त्या वहीचं ॲप्लिकेशन करायचं काम हे माझं पहिलं स्वतंत्र काम. आपांसमोर एक टॅब्लेट ठेवायचा, त्यांनी नंबर निवडायचा, दोषाचं चित्र दाबायचं, झालं. पंधरा दिवस मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांना शिकवलं. त्यांना शिकवलं म्हणते, पण खरं तर त्यांनीच मला शिकवलं — कापडाचं, कारागिरांचं, आणि एका बैठकीत तीन कप चहा कसा नाकारायचा तेही. टॅब्लेट त्या सहा दिवसांत शिकल्या. चित्रं लहान आहेत, मोठी कर म्हणाल्या. तेलाच्या डागाचं चित्र डागासारखं दिसत नाही, काजूसारखं दिसतं म्हणाल्या. दिसतच होतं.

आता कंप्युटरला मी काय करायला सांगायचं होतं, ते सोपं करून सांगते; समजा, त्याच्याजवळ एक पाटी आहे. कारागीर एकामागून एक घ्यायचे. प्रत्येकाचे दोष मोजायचे, पाटीवर लिहायचे, तिथून आकडा पानावर उतरवायचा. आणि पुढच्याकडे जाण्याआधी पाटी पुसून तिच्यावर शून्य लिहायचं. शून्य लिहायचं ते मी लिहिलं नाही. विसरले. म्हणजे ज्याला दोष होते त्याचा आकडा पाटीवर नव्याने लिहिला जायचा आणि सगळं बरोबर दिसायचं. पण ज्याचा माल साफ, त्याच्यासाठी लिहायला काहीच नसायचं — आणि पाटीवर आधीच्याचा आकडा तसाच. तोच त्याच्या नावापुढे उतरायचा. सोळा नंबरचे दोष सतराच्या माथी. जो सगळ्यांत चांगला कारागीर, नेमकी त्यालाच शिक्षा.

आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. तोच हिशेब मला चार पानांवर हवा होता — रोजच्या, आठवड्याच्या, महिन्याच्या, आणि मालकाच्या मोबाइलवरच्या. आमच्या ऑफिसचे भोईरसर सांगून सांगून थकले होते. एकदाच लिही, एका जागी ठेव, चारही पानांना तिथूनच घेऊ दे. "चार ठिकाणी लिहिशील तर चार ठिकाणी चुकशील आणि दुरुस्त करशील एका ठिकाणी," हे त्यांचं वाक्य. मी मान डोलावली, जागेवर आले, आणि कोडचा तो तुकडा उचलून चार ठिकाणी चिकटवला. घाई होती असं म्हणाले असते, पण घाई नव्हती. कंटाळा होता. चालतंय की, हा विचार होता.

ॲप्लिकेशन सुरू झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी रोजच्या पानावर इम्तियाजच्या नावापुढे चार आले. आपा म्हणाल्या, मी दाबलं न्हाय. मालक टेबलापाशी आले, भोईरसर माझ्याबरोबर होते, इम्तियाज हात पुसत उभा. सगळे माझ्याकडे बघत होते. मी लॅपटॉप उघडला आणि — दहा मिनिटंही लागली नाहीत — मला ते दिसलं. पाटी न पुसलेली.

तेव्हा काय म्हणायचं होतं? "माझी चूक." दोन शब्द. मी म्हणाले, "आपा, एंट्री करताना चुकून बोट लागलं असेल."

मी तसं का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. मालकांनी मान हलवली. नवीन आहे, होतं असं, म्हणाले. आपांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "लागलं असंल," म्हणाल्या. बास. मी तिथेच बसून रोजच्या पानात शून्य घातलं आणि चहा प्यायले. तिसरा कपसुद्धा.

बाकीची तीन पानं? आठवलीच नाहीत. आणि याहून वाईट सांगू? पुढच्या सोमवारी आठवड्याची यादी कारखान्याच्या दारावर लागली. आठवड्यात बाकी सगळ्यांचे काही ना काही दोष निघाले होते, एकट्या इम्तियाजचा माल साफ होता — आणि त्याच्या नावापुढे सोळा नंबरचे अकरा. मला फोन आला, तेव्हा मला मनापासून वाटलं की आपांचीच चूक असणार. मी तर शून्य घातलं होतं! आठ दिवसांपूर्वी मीच रचलेलं खोटं, आणि मलाच ते खरं वाटलं. माणसाला स्वतःचं खोटं किती पटकन पचतं, नाही?

त्या आठवड्यात आपांनी काय केलं ते मला नंतर कळलं. प्रत्येक नोंद करताना त्या नंबर मोठ्याने म्हणायच्या. शेजारच्या बाईला दाखवून मग बटण दाबायच्या. इम्तियाजचा तागा आला की टॅब्लेट उलटा करून ठेवायच्या, म्हणजे बोट लागायलाच नको. आणि पुढच्या सोमवारी यादी लागली. पुन्हा सोळाचे दोष सतराला. इम्तियाजने यादी वाचली, आणि टेबलापाशी येऊन एवढंच म्हणाला, "आपा, आपसे ये उम्मीद नहीं थी." दुसऱ्या दिवशी तो सलाम न करता सरळ लूमकडे गेला.

त्याच दिवशी दुपारी मी पहिल्यांदा नीट बघायला बसले. आठवड्याचं पान उघडलं. पाटी न पुसलेली. महिन्याचं — तसंच. मालकाच्या मोबाइलचं — तसंच. माझंच अक्षर, माझाच तुकडा, तीन ठिकाणी जसाच्या तसा. मी पडद्याकडे बघत बसले होते, आणि जिन्यावर पावलं वाजली.

आपा होत्या. आमच्या ऑफिसात त्या कधी आल्या नव्हत्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी दोन मजले चढून आल्या होत्या, बुरख्याच्या टोकाने कपाळ पुसत. हातात सांदणाचं पातेलं, फडक्यात बांधलेलं. फणसाचं हे सांदण मला आवडतं हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. त्या माझ्याकडे आल्या नाहीत. सरळ भोईरसरांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, पोरीला काय बोलू नका," म्हणाल्या. "तिचा कंप्युटर बरोबर हाय. माजंच चुकतंय. डोले तपासून आले, डॉक्टर म्हनतो डोले साफ हायत. मंग डोकंच गेलं म्हनायचं. माज्या आईचं पन असंच झालतं."

आपांची आई शेवटची काही वर्षं पोटच्या मुलांना ओळखत नव्हती. हे मला माहीत होतं, स्टुलावर बसून मीच ऐकलं होतं. सुरुवात कशी झाली, तर म्हणे भाजीत दोनदा मीठ पडलं. मग चुलीवरचं विसरलं. मग माणसं. आपांना आयुष्यात मरणाचीसुद्धा भीती नव्हती, पण याची होती. आणि आता त्यांना वाटत होतं, ते आलं.

माझ्यासमोर पडद्यावर ती ओळ होती. जिथे शून्य हवं होतं ती जागा. चार पावलांवर आपा उभ्या होत्या, माझी रदबदली करायला आलेल्या. मी उठले. पातेलं हातातून घेतलं. बसा म्हणाले, पाणी दिलं. त्या बसल्या, आणि सोमवारपासून टेबल दुसऱ्या बाईकडे देतेय म्हणाल्या, मालकांशी बोलणं झालंय. माझा हात हातात घेतला. "तुज्या पहिल्या कामाला माज्यामुलं बट्टा लागला गं," म्हणाल्या.

मी म्हणाले, "असं नका बोलू आपा."

एवढंच म्हणाले. त्या गेल्यावर मी तिन्ही पानांत शून्य घातलं आणि ते बदल कारखान्यात चालू असलेल्या ॲप्लिकेशनवर चढवून टाकले. सांदण खाल्लं. हो, खाल्लं — तेही सांगायला हवं ना?

सोमवारपासून टेबलावर नवी बाई आली, आणि त्याच सोमवारपासून याद्या अचूक. सतरा नंबरापुढे शून्य. कारखाना काय म्हणाला असेल? जे कुणीही म्हणेल तेच. बघा, आपा उठल्या आणि घोळ मिटला. माझी दुरुस्ती हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला, पक्का, कुणी खोडू न शकणारा. कोणी वाईट बोललं नाही, उलट हळहळले. वय झालं बिचारीचं, म्हणाले. तेव्हा आपा सत्तावन्न वर्षांच्या होत्या.

त्या कारखान्यात परत कधीच गेल्या नाहीत. मी मात्र त्यांच्याकडे जात राहिले. दर ईदला, आणि मध्येही, उगाच. मला ओढ आहे त्यांची, यात खोट नाही. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या आईशेजारी बसून तिला रडू दिलं नाही. माझ्या मुलीचं नाव त्यांनी ठेवलं नाही, पण जे ठेवलं ते त्यांना आधी विचारून. या सगळ्यात त्यांनी त्या याद्यांचा विषय कधी काढला नाही, आणि मीही.

त्यांचं डोकं काही गेलेलं नाही. नऊ वर्षांत एक नाव विसरल्या नाहीत, माझ्या सासरच्या माणसांचीसुद्धा. पण त्यांना ते पटत नाही. फ्रीजवर चिठ्ठ्या असतात, गॅस बंद केला, औषध घेतलं, दार लावलं. मीठ घालायला सुनेला बोलावतात. स्वतःच्या हातचं सांदण त्यांनी त्यानंतर केलेलं मला आठवत नाही. प्रमाण चुकेल म्हणतात. सून नाझनीन गोड आहे, ती म्हणते, अम्मी उगाच घाबरतात. उगाच नाही घाबरत. कशामुळे घाबरतात ते मला माहीत आहे, नाझनीनला नाही.

गेल्या महिन्यात गेले होते. सांगायचंच असं ठरवून गेले होते, हे मी इथे लिहून ठेवते. नवी ओढणी होती अंगावर, नाक्यावरून घेतलेली, चांगली वाटली म्हणून. आपांनी जवळ बसवलं, बोलता बोलता ओढणीचं टोक हातात घेतलं, आणि त्यांची बोटं त्यावरून सरकायला लागली. सवयीने. त्यांचं लक्षही नव्हतं. मी माझ्या मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगत होते. मध्येच बोटं थांबली.

"हितं उभा धागा तुटलाय," म्हणाल्या.

मी बघितलं, मला काही दिसेना. खिडकीकडे धरलं तेव्हा दिसलं, केसाएवढं. आणि आपांच्या चेहऱ्यावर क्षणभर ते जुनं आलं, टेबलावरचं — आणि लगेच गेलं. त्यांनी ओढणी नाझनीनकडे सरकवली. "हाय ना गं? तू बग बाय. मना काय आता भरोसा न्हाय."

नाझनीन म्हणाली, "है अम्मी, है." मीही म्हणाले, आहे आपा, बरोबर आहे तुमचं. त्यांनी आळीपाळीने आमच्या दोघींकडे बघितलं. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला बोलतात तसं आम्ही बोलतोय, असं त्यांना वाटलं. हसल्या आणि ओढणी माझ्या खांद्यावर नीट करून दिली.

मी चहा पिऊन निघाले. सांगितलं नाही.

साबेराआपांनी सतरा नंबरापुढे एकही दोष कधी दाबला नव्हता. त्यांचं बोट चुकलं नव्हतं, डोळे चुकले नव्हते, डोकं तर नव्हतंच. ते अकरा दोष मी टाकले होते, आणि हे मला त्या तेव्हा जिना चढून वर आल्या, त्याच्या आधीपासून माहीत होतं.